‘हव’च्या पुढचा श्वास

मोठं दुखणं निघालं की नागपूर, हा रायपूरच्या भनपुरीकडच्या मराठी घरांचा ठरलेला रस्ता होता. ताप-खोकला, मोडलेला हात, बाळंतपण हे सगळं रायपूरला. पण डॉक्टरने कपाळाला आठ्या घालून ‘बाहेर दाखवा’ म्हटलं, की डबा भरायचा, गाडीत बसायचं आणि नागपूरला कुणा मामा-मावशीच्या घरी पथारी टाकायची. राज्य वेगळं झालं, रायपूर राजधानी झालं, शहरापलीकडे नव्या राजधानीचे रुंद रस्ते झाले, तरी घरांची सवय तीच राहिली.

तुळशीराम सुखदेवेंच्या यकृतात कर्करोगाची गाठ निघाली, तेव्हा सत्यभामाकाकूंनीही आधी पिशवीच भरायला घेतली होती. त्यांना थांबवलं चेतनाने.

चेतना ढोके शेजारच्या घरातली. तिचे बाबा आणि तुळशीरामकाका रेल्वेच्या वॅगन दुरुस्तीच्या कारखान्यात एकाच शेडमध्ये वेल्डर होते, दोघंही आता निवृत्त. चेतनाने एक्स-रे आणि स्कॅनच्या तंत्रातली पदवी घेतली होती आणि नव्या राजधानीच्या वाटेवरच्या एका रुग्णालयात, रक्तवाहिन्यांत नळ्या घालून उपचार करतात त्या कॅथलॅबमध्ये ती काम करत होती. काकांचा अहवाल तिने स्वतः दोनदा वाचला, तिथल्या डॉक्टर मॅडमना दाखवला आणि मग संध्याकाळी सुखदेवेंच्या अंगणात येऊन बसली.

“काकू, नागपूरले जे करतात ना, ते आता इथं होते. मांडीतल्या नसेतून बारीक नळी घालतात आणि थेट गाठीपर्यंत नेतात.”

“मांडीतून?” काकू म्हणाल्या. “गाठ पोटात अन् छेद मांडीत? हे कोनतं शास्त्र गं बाई?”

“रस्ता तिथून आहे म्हणून. भनपुरीतून अभनपुरले जायचं तर शहरातूनच जा लागते ना? तसं.”

काका बाजेवर आडवे होते. गेल्या काही दिवसांत त्यांचा चेहरा उतरला होता, पण जीभ शाबूत होती. “म्हनजे औषध साऱ्या यार्डात नाई उतरवायचं,” ते म्हणाले, “डब्बा सिद्धा पार्टीच्या दारातल्या साइडिंगले लावायचा.”

“अगदी तसंच, काका.”

चेतनाला हे समजावून सांगताना पुस्तकातली आकृती आठवत होती. पण काकांचं वाक्य तिला आकृतीपेक्षा बरं वाटलं. नेहमीच्या उपचारात कर्करोगाचं औषध शिरेतून देतात आणि ते सगळ्या अंगभर फिरतं. केस, आतडी, रक्त, सगळं त्याच्या माऱ्याखाली येतं. इथे मात्र जिथे हवं तिथेच.

काकूंचे भाऊ नागपूरला असत. फोनवर त्यांनी ताशेरे झाडलेच. “शेजारच्या पोट्टीच्या सांगन्यावरून इतका मोठा इलाज? उद्या काही झालं तर पोट्टी येईन का जबाबदारी घ्यायले?” फोनचा आवाज मोठा होता, त्यामुळे चेतनाने ते ऐकलं. काकूंनी फोन ठेवला आणि तिच्याकडे न बघता म्हणाल्या, “तुझ्या भरोशावर राहून राहिलो आम्ही. ध्यानात ठेव.”

चेतनाने ते ध्यानात ठेवलं.

*

ज्या सकाळी काकांना आत घेतलं, त्या सकाळी फार्मसीतल्या बंद काचेच्या कपाटात औषध भिजत पडलं होतं. चेतना काही ना काही निमित्त काढून ते पाहायला जायचीच. कुपीच्या तळाशी वाळूपेक्षा बारीक दाणे आणि त्यांच्यावर ओतलेलं औषध डाळिंबाच्या रसासारखं लाल. हळूहळू दाणे लाल होत जातात आणि वरचं पाणी निवळत जातं. साबुदाणा भिजला आणि पातेल्यात पाणी उरलं नाही, की घरी आई ‘झाला’ म्हणते. इथे वरचा लाल रंग गेला की फार्मासिस्ट मान हलवतो. सगळं औषध दाण्यांच्या पोटात गेलेलं असतं.

हे दाणे गाठीच्या धमनीत जाऊन अडकतात. गाठीला मिळणारं रक्त तुटतं, आणि अडकल्या जागी बसून दाणे आपल्या पोटातलं औषध हळूहळू सोडत राहतात. गाठीची उपासमार आणि गाठीवर मारा, दोन्ही एकाच दाण्याकडून. असं काही आधी कुणाच्या तरी डोक्यात आलं असेल, मग त्याने दाण्याचा आकार ठरवला असेल, तो किती फुगतो ते मोजलं असेल, याचं चेतनाला दरवेळी नवल वाटायचं. आज नवलाच्या खाली धाकधूकही होती.

डॉ. मंदाकिनी चांदूरकर हात धुऊन आल्या. त्या तात्यापाऱ्यात, रायपूरच्या जुन्या मराठी वस्तीत वाढलेल्या. त्यांचं मराठी अर्ध्या वाक्यावर हिंदीत वळायचं आणि रागावल्या की पूर्णच हिंदीत जायचं.

“चेतना, यांची किडनी कमजोर आहे, पता है ना? डाय कमीत कमी वापरायचा. मी जास्तीत जास्त किती ते सांगून ठेवलंय. उसके ऊपर एक थेंब नाही.”

“हो मॅडम.”

डाय म्हणजे एक्स-रेमध्ये दिसणारं पाण्यासारखं द्रव्य. रक्तवाहिन्या एक्स-रेमध्ये दिसत नाहीत. त्यांच्यात डाय सोडला की तेवढ्या क्षणापुरत्या त्या उजळतात. पण नंतर तो सगळा डाय किडनीला गाळावा लागतो. किडनी थकलेली असेल तर प्रत्येक फोटो जपून घ्यावा लागतो.

काकांना टेबलावर घेतलं. वरून एक्स-रे काढणाऱ्या सी-आर्मचा मोठा कमानीसारखा हात आला, निळ्या कापडाने अंग झाकलं. फक्त मांडीजवळची एक चौकोनी जागा उघडी. तिथे सुन्न करण्याचं इंजेक्शन दिलं. काका जागेच राहणार होते. त्यांची छाती कारखान्यातल्या धुराने खराब झालेली, त्यामुळे पूर्ण भूल द्यायला भूलतज्ज्ञांनी नकार दिला होता.

“दुखलं तर सांगा, काका.”

“चिमटा बसल्यासारखं झालं. त्यात काय.”

मंदाकिनी मॅडमचे हात बघणं हे चेतनाला आवडायचं. त्यांनी बारीक तार घेतली. तिच्या टोकाला प्लॅटिनमचं वेटोळं असतं, म्हणून एक्स-रेमध्ये टोक काळं उठून दिसतं. अंगठ्याच्या नखाखालून त्यांनी ते टोक एकदाच ओढलं आणि त्याला पाहिजे तेवढाच बाक दिला. मग तारेवरून नळी. मांडीतून महाधमनीत, महाधमनीतून यकृताच्या फाट्याला. पडद्यावर काळी रेघ वर सरकत गेली. मोठ्या नळीच्या आतून आणखी एक नळी, भरतकामाच्या रेशमी धाग्याएवढी. मॅडम बाहेरून दोन बोटांत ती किंचित फिरवत आणि आत, हातभर लांब, तिचं टोक तेवढंच वळे. मागे कडक आणि पुढे लुसलुशीत अशी ही नळी बनवायला किती लोकांनी किती नळ्या फुकट घालवल्या असतील, असं चेतनाला वाटून गेलं.

“चलो, रन घेऊ,” मॅडम म्हणाल्या.

रन म्हणजे डाय सोडून घेतलेले सलग फोटो. ते घेताना सगळे शिशाच्या काचेमागे जातात. आत फक्त रुग्ण आणि डाय सोडणारा पंप. काचेमागे कन्सोलवर दयाराम साहू बसले होते. इथले सगळ्यात जुने तंत्रज्ञ, सगळ्यांचे दयाराम भैया. माइकचं बटण दाबून सूचना देण्याचं काम चेतनाचं होतं.

या फोटोची करामत वजाबाकीची असते. आधी डायशिवाय एक फोटो. मग डाय गेल्यावरचे फोटो. यंत्र दुसऱ्यातून पहिला वजा करतं, बरगड्या, मणके, आतड्यातली हवा सगळं शून्य होतं, आणि रिकाम्या पडद्यावर उरतात फक्त रक्तवाहिन्या, पानाच्या शिरांसारख्या. मात्र दोन फोटोंच्या मध्ये रुग्ण हलला, तर वजाबाकी चुकते. यकृत तर श्वासाच्या पडद्याखालीच असतं. श्वास खाली-वर झाला की तेही खाली-वर होतं. म्हणून श्वास रोखायचा.

चेतनाने बटण दाबून धरलं. “काका, साँस अंदर लो... रोको. हिलना नहीं.” रुग्णालयात सूचना हिंदीतच द्यायची पद्धत होती.

पंप घरघरला. पडद्यावर चित्र उमटलं, आणि सगळ्यांचे चेहरे पडले. धमन्या दुहेरी. बरगड्यांच्या पांढऱ्या-काळ्या सावल्या मध्येच तरंगत होत्या. गाठीचा डाग दिसत होता, पण त्याला जाणारी फांदी कुठली आणि शेजारची कुठली, काही कळत नव्हतं.

“हिल गये,” मॅडम म्हणाल्या. “फिर से. नीट सांगा त्यांना.”

चेतना आत गेली, काकांच्या कानाशी वाकून मराठीतून समजावून आली, आणि पुन्हा बटण दाबलं. “साँस लो... रोको. बिलकुल हिलना नहीं.”

पुन्हा तेच. दुहेरी रेघा.

“बबा ल सुनई नइ देवत हे का?” दयाराम भैया म्हणाले. “कारखाने में ठोकठोक सुनके कान गये होंगे.”

“कान चांगले आहेत,” चेतना म्हणाली. “आमच्या घरातली भांडणं ते त्यांच्या घरातून ऐकतात.”

मॅडम हसल्या नाहीत. त्यांनी पंपाचा आकडा पाहिला. “आता फक्त एका रनपुरता डाय उरलाय. दाणे सोडायला लागेल तो वेगळा ठेवलाय, उसको हाथ नहीं लगाना. हा पण बिघडला तर मी अंदाजाने औषध सोडणार नाही. शेजारून पित्ताशयाची धमनी निघते. दाणे चुकून तिकडे गेले तर पित्ताशय सडेल. नळी काढून घेऊ, बस.”

“मग पुन्हा केव्हा, मॅडम?”

“किडनी सावरेल तेव्हा. और तब तक गाँठ रुकेगी, इसकी गारंटी मैं नहीं दे सकती.”

काचेतून चेतनाला काकांचे फक्त पाय दिसत होते. चेहरा यंत्राच्या आड होता. बाहेर बाकावर काकू बसलेल्या होत्या. औषध न देताच नळी काढून घेतली, हे त्यांना कसं सांगायचं? 

“मॅडम, एकदा कोरडी प्रॅक्टिस करू? डाय नाही, एक्स-रे नाही. भैया सूचना देतील, मी आत काकांजवळ थांबते.”

“जल्दी.”

चेतना काकांच्या उशाशी उभी राहिली. एक हात तिने निळ्या कापडावरून त्यांच्या पोटावर ठेवला.

स्पीकरमधून दयाराम भैयांचा आवाज आला. “साँस लो बबा... रोको.”

काकांचं पोट भरून वर आलं, थांबलं. आणि मग, अगदी हळू, अगदी आदराने, काका म्हणाले,

“हव.”

पोट तिच्या हाताखाली खाली गेलं.

 चेतनाला हसू फुटलं, आणि हसू दाबताना डोळ्यांत पाणी आलं.

“काका, तुम्ही ‘हव’ काहून म्हणता?”

“काहून म्हनजे? त्यानं सांगतलं, मी हव म्हटलं.”

“दर वेळी म्हणत होते?”

“मंग! मानूस काही सांगून राहिला अन् आपन तोंडाले कुलूप लावून पडून राहिलो, तर त्याले काय वाटन? म्हातारा माजला म्हनन.” काकांना तिचा प्रश्नच कळला नव्हता. “कारखान्यात क्रेनवाल्यानं आवाज देल्ला अन् खालून कोनी हव नाई म्हटलं, तर तो माल खाली सोडतच नोता. हव म्हना लागते बाई.”

हे चेतनाला माहीत नव्हतं असं थोडंच होतं? विदर्भातून येऊन दोन पिढ्या झाल्या, घरातलं बोलणं मराठीच राहिलं, पण होकार मात्र छत्तीसगढी झाला. बाबा फोनवर हव म्हणतात, आई भाजीवाल्याला हव म्हणते, ती स्वतः मॅडमना ‘हो’ आणि बसच्या कंडक्टरला ‘हव’ म्हणते. इतका रोजचा शब्द की तो कानावर पडतो आणि ऐकू येत नाही. आणि इथे तर तो ऐकू येण्याची सोयच नव्हती. बोलण्याचं बटण दाबलेलं असेपर्यंत आतला आवाज बाहेर येत नाही, आणि ती बटण शेवटपर्यंत दाबूनच धरत होती.

“काका, आता ‘रोको’ म्हटल्यावर काहीच म्हणायचं नाही. हव पण नाही.”

“हव,” काका म्हणाले.

काचेपलीकडे दयाराम भैया हसताना दिसले. पण पुढच्या प्रॅक्टिसला जे झालं ते हसण्यासारखं नव्हतं. ‘रोको’ म्हटल्यावर काकांना आठवलं, त्यांनी शब्द ओठांवरच आवळला, आणि अर्धा ‘ह’ उचकीसारखा बाहेर पडला. पोटाला आधीपेक्षा मोठा हिसका बसला. पुन्हा केलं, पुन्हा हिसका. आता ते घाबरले होते. घाबरल्यामुळे श्वासही लहान होत चालला होता.

“माह्याच्यानं नाई होऊन राहिलं पोरी,” ते हळूच म्हणाले. “जीभ ऐकत नाई. काकूले सांगू नको.”

मॅडम आत आल्या. “क्या हुआ?”

चेतनाने सांगितलं. मॅडमनी डोळे मिटून घेतले, मग उघडले. “हे भगवान. मेरी माँ भी यही करती है. आता?”

चेतनाचा हात अजून काकांच्या पोटावर होता. तिने तो उचलला नव्हता, म्हणून तिला कळलं. प्रॅक्टिसच्या पहिल्या वेळी, जेव्हा काकांनी मोकळेपणाने ‘हव’ म्हटलं होतं, तेव्हा पोट खाली गेलं आणि मग तिथेच राहिलं होतं. पुढचा श्वास त्यांनी लगेच घेतला नव्हता. का घेतील? ते तर श्वास रोखूनच होते. फक्त त्यांचं रोखणं ‘हव’च्या नंतर सुरू होत होतं आणि यंत्राचा पहिला फोटो ‘हव’च्या आधी निघत होता.

“मॅडम,” ती म्हणाली, “म्हणू द्या ना त्यांना.”

“म्हणजे?”

“मी ‘रोको’ म्हणते, आणि बटण सोडते. त्यांचा ‘हव’ ऐकू येईल. तो पूर्ण बाहेर पडला की भैया सुरू करतील. पहिला फोटोही त्याच्यानंतर, डायही त्याच्यानंतर. दोन्ही फोटो एकाच सुटलेल्या श्वासावर.”

मॅडमनी स्वतः एक श्वास सोडून पाहिला. “श्वास सोडून रोखायचा.”

“हो. यकृत वर जाऊन थांबेल.”

“और हर बार उसी जगह थांबेल,” मॅडम सावकाश म्हणाल्या. “भरलेला श्वास दरवेळी कमी-जास्त होतो. सुटलेला श्वास एकाच ठिकाणी येऊन टेकतो. बरोबर आहे. ये तो उल्टा बेहतर है.” मग त्या दयाराम भैयांकडे वळून म्हणाल्या, “भैया, यंत्राची वेळ बदला. बबाच्या हिशेबाने चलेंगे.”

चेतना काकांशी वाकली. “काका, ऐका. तुमचंच बरोबर आहे. मी रोको म्हटलं की आरामात हव म्हणायचं. पूर्ण, मोकळं. आणि हव संपलं की तिथंच थांबायचं, मी सांगेपर्यंत.”

“हव म्हनू?”

“म्हणाच.”

“मंग पहिलेच सांगायचं ना बाप्पा,” काका म्हणाले, आणि त्यांचे आवळलेले खांदे टेबलावर टेकले.

एकदा कोरडं करून पाहिलं. मग सगळे काचेमागे आले. पंप भरलेला. मॅडमनी हाताची घडी घातली. चेतनाने बटण दाबलं.

“काका, साँस लो... रोको.”

बटण सोडलं.

स्पीकरमध्ये आधी नुसती खरखर होती. मग काकांचा आवाज आला, कारखान्यात वरच्या क्रेनवाल्याला ऐकू जावा तसा खणखणीत.

“हव!”

दयाराम भैयांनी ‘हव’चा शेवटचा वारा जाऊ दिला, आणि सुरू केलं. एक राखाडी चौकट. पंपाची घरघर. मग पडद्याच्या मधोमध एक काळा बिंदू, बिंदूची रेघ, रेघेच्या फांद्या, फांद्यांच्या काड्या, आणि काड्यांच्या टोकाला, शाईचा थेंब टीपकागदावर पसरावा तशी, गाठ. बरगड्या नाहीत, मणके नाहीत, सावल्या नाहीत. इतकं स्वच्छ चित्र या खोलीत चेतनाने क्वचितच पाहिलं होतं. जिवंत माणसाच्या पोटात, एकही टाका न घालता, हे बघता येतं, हे तिला माहीत होतं, तिने त्याची परीक्षा दिली होती, तरी तिचे हात कन्सोलच्या कडेवर घट्ट झाले.

“सोडा श्वास, काका! म्हणजे, घ्या!” बटण दाबून ती ओरडली. दयाराम भैया तोंडावर हात धरून हसायला लागले.

मॅडमनी चित्र मागे-पुढे केलं आणि एका जागी थांबवलं. “इधर देख.” गाठीकडे जाणाऱ्या फांदीच्या अगदी अलीकडे, केसासारखी एक रेघ खाली वळून नाशपातीच्या आकाराच्या सावलीला कवटाळत होती. “ही पित्ताशयाची. आधीच्या फोटोत दोन्ही एकमेकींवर चढल्या होत्या. मी पहिल्या ठिकाणाहून सोडलं असतं, तर अर्धे दाणे यहाँ गये होते.”

त्या आत गेल्या. आता अंदाजाला जागा नव्हती. चित्राचा नकाशा पडद्यावर फिका करून ठेवला होता आणि त्याच्यावरून धाग्याएवढ्या नळीचं काळं टोक पुढे सरकत होतं. पित्ताशयाच्या फाट्याशी ते किंचित अडलं, चुकीच्या बाजूला कललं. मॅडमनी ते मागे घेतलं, दोन बोटांत तार फिरवली. टोक वळलं, फाटा मागे टाकून पुढच्या काडीत शिरलं आणि गाठीच्या उंबऱ्यावर जाऊन थांबलं.

मग दाणे आले. राखून ठेवलेल्या डायमध्ये मिसळलेले, म्हणून तेही पडद्यावर दिसत होते. लहानशा सिरिंजमधून मॅडम इतक्या हळू ढकलत होत्या की दट्ट्या हलतो की नाही ते कळू नये. काळे ठिपके प्रवाहाबरोबर गाठीत जात, नाहीसे होत. हळूहळू त्यांचा वेग मंदावला. ठिपके रेंगाळायला लागले. मॅडम लगेच थांबल्या. आणखी रेटलं तर दाणे मागे फिरून पित्ताशयाकडे जातात. कुठे थांबायचं हेही देण्याइतकंच महत्त्वाचं असतं.

शेवटी राखलेल्यातला उरलेला थोडासा डाय हाताने सोडून त्यांनी पाहिलं. पानाच्या बाकीच्या शिरा जशाच्या तशा. पित्ताशयाची रेघ जागेवर. आणि जिथे शाईचा डाग होता, तिथे मोकळी जागा.

“हो गया,” मॅडम म्हणाल्या, आणि काकांच्या खांद्यावर हलकेच थोपटलं. “सुखदेवेजी, बहुत अच्छा किया आपने.”

“मी काय केलं,” काका म्हणाले. “पडून होतो.”

*

बाहेर काकू उठून उभ्याच राहिल्या. चेतनाने सांगितलं, औषध पोचलं, बरोबर जागेवर पोचलं. पण इतक्यात सगळं संपलं असं समजू नका, ताप येईल, पोट दुखेल, महिन्याने पुन्हा स्कॅन करून पाहावं लागेल. काकूंनी सगळं ऐकून घेतलं आणि एवढंच विचारलं, “चाय देऊ का त्याईले?”

ताप आला आणि चांगलाच आला. पोटही दुखलं. त्या दिवसांत काकांनी चेतनाशी फारसं बोलणं केलं नाही. भिंतीकडे तोंड करून पडत. नंतर हळूहळू उठले, भात मागायला लागले.

महिन्याने स्कॅन झाला. मंदाकिनी मॅडमनी दोघांना समोर बसवून पडदा त्यांच्याकडे वळवला. गाठ अजून तिथेच होती, पण आतून काळवंडलेली, डाय न घेणारी. म्हणजे मेलेली. फक्त एका कडेला, भाकरीची कड कच्ची राहावी तशी, उजळ रेघ होती.

“एवढं उरलंय,” मॅडम म्हणाल्या. “ते दुसऱ्या बाजूच्या धमनीवर जगतंय. अजून एकदा करावं लागेल. जिवंत ठेवलं तर वाढेल.”

 काकांनी पडद्यावरच्या उजळ रेघेकडे बोट केलं.

“तो ताप पुन्हा येईन?” त्यांनी विचारलं.

“येईल. कदाचित कमी. पण येईल.”

“मंग घरी जाऊन इचार करतो,” काका म्हणाले आणि उठले.

चेतना त्यांच्याबरोबर बाहेर आली.  त्रास त्यांचा होता. त्यांना घाई करण्याचा तिला काय हक्क? कॅथलॅबच्या दाराशी काका थांबले.

“माह्या आंगात जे घातलं होतं, ते दाखवशीन का? पाहिलंच नाई मी.”

तिने आतून शिकाऊ मुलांना दाखवायला ठेवलेली एक नळी आणली. वेटोळं उलगडून त्यांच्या तळहातावर ठेवली. काका खिडकीच्या उजेडात गेले. मागचा कडक भाग त्यांनी वाकवून पाहिला. तो वाकला आणि सरळ झाला. मग अंगठा आणि तर्जनीच्या मधून ते नळी सरकवत पुढे गेले, सावकाश, डोळे बारीक करून. आयुष्यभर लोखंडाला लोखंड जोडलेली ती बोटं. नळी पुढे पुढे मऊ होत गेली, आणि टोकाशी तर इतकी मऊ की नुसत्या श्वासाने हलावी. काका टोकापर्यंत गेले, आणि पुन्हा मागे आले. पुन्हा पुढे गेले.

“कडक कुठं संपते अन् नरम कुठं लागते?” त्यांनी विचारलं.

“ते कळत नाही, काका. हळूहळू बदलत जाते.”

“पन दोन माल आहेत ना हे? जोड असनच.” त्यांनी नळी डोळ्यांजवळ धरली, नख लावून पाहिलं. काकूंना बोलावलं, “तुझे डोळे चांगले आहेत, पाह्य तर कुठं जोड दिसून राहिला का.”

काकूंनी चष्मा वर सरकवून पाहिलं. “नाई दिसत बाई.”

“नाई दिसत,” काका म्हणाले. त्यांच्या आवाजात चेतनाने कधी न ऐकलेलं कुतूहल होतं. “असा जोड मी जनमात नाई लावला. ज्यानं हे बनवलं असन, त्यानं काम शिकून बनवलं.”

नळी त्यांनी पुन्हा नीट वेटोळ्यात गुंडाळली, वेटोळ्याची टोकं एकमेकांत खोचली आणि चेतनाच्या हातात दिली.

“जा, मॅडमले तारीख विचारून ये,” ते म्हणाले. “अन् सांग, डब्बा या टायमाले दुसऱ्या लाइनीनं लावा.”